साडेतेरा सेंटिमीटरचा प्रश्न

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. मासेमारीची बंदी उठून जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि उरणच्या मासळीबाजारात दोन महिन्यांनी पुन्हा पूर्वीचा तो गलका, तो ओला वास आणि बर्फाचे पाणी आले होते. मी नेहमीच्या मावशींसमोर जाऊन उभा राहिलो. पाटीवर पापलेटांचे वाटे लावले होते. एका वाट्यात सहा. ताजी, चंदेरी, डोळे चकचकीत. पण एकेक पापलेट माझ्या तळहाताच्या आतच मावेल एवढे.

"काय बघतोस भाऊ? घे ना. सकालीच करंज्याशी आलाय."

"मावशी, फार लहान आहेत हो."

"ल्हान हायेत म्हनून तं सवस्त हायेत. मोटा घ्याला गेलास तं खिसा फाटंल."

माझ्या खिशात बॉलपेन होते. मी ते काढून (कुणी पाहत नाही ना याची खात्री करून) एका पापलेटाशेजारी धरले. मासा पेनापेक्षा चांगला दोन बोटे आखूड निघाला. आता हा काय वेडेपणा, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारने पापलेटाला राज्यमासा घोषित केले. शेकरू, हरियाल, आंबा, तामण यांच्या पंगतीत आता पापलेटही जाऊन बसले आहे. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोणता मासा कोणत्या वयात पहिल्यांदा प्रजननक्षम होतो याचा अभ्यास करून या लांब्या सुचवल्या आहेत. पापलेटासाठी आकडा आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. साधे बॉलपेन याहून थोडे लांब असते. एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाल्याशिवाय मासा ताटात येऊ नये, एवढाच या नियमाचा अर्थ.

हे मी मावशींना माझ्या परीने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पाटीवर पाणी शिंपडले आणि म्हणाल्या, "जालीन आला तो मेला. तू घेतला नाय म्हनून तो परत दर्यान जानार हाय कं?"

मी निरुत्तर झालो. बाजारातून हात हलवत परत येण्याची माझ्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

मावशींचे म्हणणे खोटे नाही. जाळ्यातून वर आलेले पिल्लू समुद्रात टाकून दिले तरी ते सहसा जगत नाही. ते मी विकत घेतले नाही तर दुसरा कुणी घेईल, नाहीतर ते सुकवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात जाईल. म्हणजे बाजारात उभे राहून सोवळे पाळणे हे माशापेक्षा माझ्या मनाच्या समाधानासाठीच जास्त. पण लहान माशाला भाव मिळतो म्हणूनच बारीक आसाचे जाळे पाण्यात पडते, हेही तितकेच खरे. मी बॉलपेन खिशात ठेवून घरी आलो, पण प्रश्न काही खिशात बसेना.

याचे एक कारण माझ्या स्वतःच्या लहानपणात आहे. माझे आजोळ उरण तालुक्यातलेच, चिरनेरच्या अलीकडच्या एका गावात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिथे असायचो आणि शाळा सुरू व्हायच्या आत पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचो. कारण एकच, वलगण. पहिला जोरदार पाऊस झाला की ओहोळ भरून वाहू लागतात, शेते तुडुंब होतात आणि खालच्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांकडे चढू लागतात. अंडी घालायला उथळ, शांत पाणी हवे असते म्हणून हा सारा खटाटोप. रायगडात हे कुणाला सांगावे लागत नाही. त्या रात्री गाव झोपत नाही. आजोबा पाग घेऊन पुढे, मामा पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन मागे आणि आम्ही पोरे चिखलात धडपडत, हातात बादल्या. शिंगट्या, मळे, खवल्या, कधी एखादा वाम, कधी मरळ. बांधावरून पाणी खाली पडे तिथे बांबूच्या कामट्यांचा सापळा लावलेला असे, त्यात तर मासे आपण होऊनच येऊन पडत.

आणि घरी आजी चूल पेटवून वाट पाहत असायची. वलगणीच्या माशाचे खरे मोल त्याच्या गाभोळीत. पोटे अंड्यांनी तट्ट फुगलेली. ती गाभोळी हळद, मीठ, मसाला लावून तव्यावर मंद आचेवर परतायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायची. पहाटे तीन वाजता, भिजलेल्या कपड्यांनी, चुलीपाशी बसून. ती चव अजून जिभेवर आहे, आणि हे लिहिताना तोंडाला पाणी सुटले आहे हे कबूल करायला लाज कसली?

माझे आजोबा निसर्गाचे मोठे जाणकार होते, ते अंडीवाले मासे सोडून देत, असे इथे लिहायला मला आवडले असते. तसे काही नव्हते. हाती लागेल ते सगळे ते पकडत. पुढच्या वर्षीच्या माशांची चिंता त्यांनी कधी केल्याचे मला आठवत नाही. तरीही दुसऱ्या वर्षी वलगण लागायचीच. याचे श्रेय आजोबांच्या संयमाला नाही. त्यांच्याजवळ एकच पाग होता, बत्ती एकच होती, घरात फ्रीज नव्हता आणि मासे न्यायला टेम्पो नव्हता. घरच्यांनी खाऊन, शेजारीपाजारी वाटून झाले की हाव आपोआप संपायची. तोकड्या साधनांमुळे निम्म्याहून जास्त मासे निसटून जात आणि शेतात अंडी घालत.

आपल्या पूर्वजांचा हा नाइलाज आपण फार सहजपणे शहाणपण म्हणून मिरवतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. नारळी पौर्णिमेचेच घ्या. दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, या प्रथेत माशांच्या प्रजननकाळाचे भान होते, असे आपण भाषणांतून ऐकतो. असेलही थोडेफार. पण शिडाच्या होडीने आषाढातल्या खवळलेल्या समुद्रात जाणे म्हणजे मरण, हे त्यामागचे रोकडे कारण होते. समुद्र स्वतःच दार लावून घेत होता. माणसाने त्या बंद दारावर श्रद्धेचे तोरण बांधले आणि माशांना अडीच-तीन महिने मिळाले. पुढे होडीला इंजिन आले, ट्रॉलर आले, बर्फ आला, मासा कुठे आहे ते दाखवणारी यंत्रे आली. दार उघडले. मग ते कायद्याने लावावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. पावसाळी बंदीच्या तारखा मध्यंतरी बदलत गेल्या. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, यांत्रिक नौकांना लागू असलेली.

एवढे करून दर्या भरला का? २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी २.०१ लाख टन होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार हा ४५ वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी तोच आकडा २.९५ लाख टन होता. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' या वादळांनी ऐन हंगामात नौका बंदरात बांधून ठेवल्या, हे लक्षात घ्यायला हवे. एका वर्षाच्या आकड्यावरून दर्या संपला असे म्हणू नये. पण करंजाच्या धक्क्यावर कुणाही म्हाताऱ्या खलाशाला विचारा. पूर्वी जो मासा बंदरातून दिसणाऱ्या पाण्यात मिळायचा, त्यासाठी आता किती दिवसांचा बर्फ आणि किती डिझेल भरून जावे लागते, ते तो बोटावर मोजून सांगेल.

कायदे आहेत. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये कडक निर्बंध आणले. रात्री प्रखर दिवे पाण्यावर रोखून मासळीचे थवेच्या थवे गोळा करायच्या एलईडी मासेमारीला २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. पण बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे केंद्राची, आणि माशाला ही रेघ ठाऊक नाही. नौकेला मात्र ती चांगलीच ठाऊक असते. ट्रॉलच्या जाळ्याचे शेपूट चौकोनी आसाचे असावे, असे शास्त्रज्ञ सांगतात. कारण नेहमीचा तिरका आस ओढ बसली की मिटतो आणि मग बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही, चौकोनी आस उघडा राहतो. गोष्ट एवढी साधी आहे. पिल्लू वाचायचे असेल तर ते तिथे, वीस वाव पाण्याखाली वाचू शकते. मावशींच्या पाटीवर नाही.

हे सगळे मी करंजाच्या धक्क्यावर जाळे शिवत बसलेल्या एका वृद्ध कोळीबाबांना ऐकवत होतो. सुई न थांबवता ते म्हणाले, "मास्तर, दोन महिने आमी होरी वर घेतो. पोरांच्या फिया उधारीवर भरतो. पन तो भराव हाय ना समोर, तो कंदी दोन महिने थांबला कं?"

समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसत होत्या.

या प्रश्नापुढे माझा साडेतेरा सेंटिमीटरचा प्रश्न मला फारच लहान वाटला. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि तिथल्या लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवण्यात आले. समुद्रावर जगणाऱ्या माणसांच्या नव्या घरांना वाळवी लागली. फेरपुनर्वसनाच्या मागणीत त्यांची दशके गेली. पुढे चौथ्या टर्मिनलच्या वेळी उरण-पनवेल भागातले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. खाड्यांची तोंडे बुजली, तिवरे गेली, मासेमारीच्या जागा गेल्या, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालपत्राच्या बाजूने लढणारे कोळी होते, कुणी पर्यावरणवादी संस्था नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खाडी वाचवणे हा त्यांच्यासाठी जेवणाचा प्रश्न होता.

बंदर नको होते, असे मी म्हणणार नाही. अटल सेतूवरून मीही हौसेने गेलो आहे आणि जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल येऊ लागल्यावर पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. पण खाडीतल्या तिवरांचे काम काय, हे जिताड्याला विचारावे. रायगडातला हा सर्वात मानाचा मासा. सरकारी कचेरीतले अडलेले काम जिताडा पोचवला की सुटते, अशी आमच्याकडे जुनी थट्टा आहे. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे मादी होतो. अंडी खाडीच्या मुखाशी, खारट पाण्यात. पिल्ले भरतीबरोबर आत तिवरांच्या मुळांत, खाजणात, पार गोड्या पाण्यापर्यंत. पावसाळ्यात हीच पिल्ले धरून आमचे शेतकरी घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात. या वाटेत एक बांध, एक भराव, एक बुजलेले नाले आले की संपले. मग समुद्रात कितीही दिवस बंदी घाला. जाळ्याच्या आसावर सरकारचे जेवढे लक्ष आहे, तेवढे खाडीच्या तोंडावर का नसावे?

कोळ्यांना निसर्गरक्षणाचे धडे देण्याची आपल्याला फार हौस. २०१८ मध्ये राज्याने एक योजना आणली: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. तेव्हापासून किनाऱ्यावर कितीतरी कासवे अशी सुटली आहेत. मला ही योजना आवडते, कारण ती प्राणी वाचवण्याचा खर्च एकट्या गरिबावर टाकत नाही. पावसाळी बंदीच्या काळात खलाशाच्या घरी चूल कशी पेटते, याचा विचार याच हिशेबाने झाला पाहिजे. आणि लहान पापलेट न विकल्याने मावशींचा जो तोटा होईल, त्यातला काही वाटा मी उचलायला हवा, म्हणजे मोठा मासा महाग पडला तरी महिन्यातून एकदाच घ्यायचा, हेही ओघानेच आले. घरी ही कल्पना मांडली तेव्हा फारसे स्वागत झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

उरली वलगण. गेली दोन-तीन वर्षे मी भाच्याशी वाद घालत होतो. आता विजेऱ्या आहेत, बारीक नायलॉनची जाळी आहेत, ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळे लावून एका रात्रीत सगळे मासे काढता येतात, आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून पार मुंबईहून लोक येतात. निदान अर्धा ओहोळ मोकळा ठेवा, पहिली रात्र तरी सोडा, असे माझे म्हणणे. भाचा हसायचा. "मामा, तू खाल्लीस तेव्हा नाही आठवलं हे?" त्याचेही बरोबर होते.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी फोनची वाट पाहत जागा होतो. जाऊन काय करणार होतो, मासे पकडणार होतो की भाषण देणार होतो, ते माझे मलाच ठरवता आले नव्हते. फोन आला नाही. सकाळी मीच केला. तो म्हणाला, "मामा, ओहोळ कुठे राहिलाय आता? खालच्या अंगाला कंटेनर यार्डाचा भराव पडलाय ना, मार्चमध्येच. पाणी शेतात तुंबून राहिलंय, पण मासा काय चढला नाही."