प्रयोग कपाटात, विज्ञान वहीत

प्राथमिक शाळेतील विज्ञान हाताने करून आणि प्रश्न विचारून शिकावयाचे असते, याविषयी आता तात्त्विक मतभेद उरलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने कृती आणि शोध यांच्या द्वारे शिक्षण देण्याचा निर्देश दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केला. ‘बालभारती’च्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘करून पहा’ या शीर्षकाच्या चौकटी जागोजागी आढळतात. तथापि पुष्कळ वर्गांत या चौकटींचे उत्तर फळ्यावरून वहीत उतरवले जाते, आणि फळ्यावर ते गाईडमधून आलेले असते. करण्याची पायरी गाळून पाहण्याची तेवढी शिल्लक राहते. ज्या गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे ती गोष्ट घडत का नाही, हा प्रश्न अध्यापनशास्त्राइतकाच व्यवस्थेच्या अर्थशास्त्राचा आहे.

अशा शिक्षणासाठी महागडी प्रयोगशाळा लागते हा समज प्रथम दूर करावयास हवा. बीज रुजण्यास पाणी, हवा आणि उष्णता लागते, हे वाक्य पाठ करण्यास दोन मिनिटे पुरतात. परंतु मूठभर मटकी चार डब्यांत घालून एक कोरडा, एक ओलसर, एक पाण्याने काठोकाठ भरलेला आणि एक बर्फाच्या पेटीत ठेवला, तर तेच वाक्य मुलांना स्वतः सिद्ध करता येते. शिवाय पुस्तकात नसलेले प्रश्नही निघतात. उजेड लागतो काय? फडक्यात बांधून अंधारात ठेवलेल्या मटकीला घरी मोड येतात, हे वर्गातील एखादी मुलगी शिक्षकांच्या आधी सांगते. एकाच पिशवीतील दाणे असताना एका गटाचे अधिक आणि दुसऱ्याचे कमी का रुजले, या प्रश्नातून मोजणे, सरासरी काढणे आणि पुन्हा करून पाहणे येते. विज्ञानाची रीत ती हीच. या साऱ्याचा खर्च मूठभर मटकीचा. खरा खर्च वेळेचा आणि शिक्षकाच्या तयारीचा आहे.

होशंगाबादचा धडा

हा खर्च सरकारी शाळांच्या पातळीवर कसा पेलता येतो, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखवून दिले आहे. होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावयाचे, निरीक्षणे स्वतःच्या वहीत नोंदवावयाची आणि निष्कर्ष चर्चेतून काढावयाचे, अशी पद्धत होती. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. टाचणीच्या जागी बाभळीचा काटा चाले. पुण्याच्या ‘टेल्को’तील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तेथे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या यांतून भूमितीचे आकार घडविण्याची त्यांची कल्पना तेथेच आकाराला आली.

मात्र काटे आणि काड्या हे या कार्यक्रमाचे मर्म नव्हते. शिक्षकांनी प्रशिक्षणात प्रत्येक प्रयोग स्वतः करावयाचा, दरमहा एकत्र जमून अडचणी मांडावयाच्या, आणि साहित्य संपले की ते पुन्हा पुरवावयाचे, अशी त्याची प्रशासकीय बांधणी होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शासनाने परीक्षाही बदलू दिली. लेखी परीक्षेस पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला स्वतंत्र गुण होते. पाठांतराचा भाव पडला, म्हणून प्रयोगाला भाव आला. पुढे हा कार्यक्रम पंधरा जिल्ह्यांतील हजाराच्या आसपास शाळांत पोहोचला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, हा एक आक्षेप होता. समर्थकांनी तो अमान्य केला. परंतु आठवीपर्यंत एक नाणे आणि दहावीला दुसरे, अशी स्थिती असेल तर पालकांची धास्ती समजण्याजोगी आहे, हे नाकारता येत नाही.

कपाटाचे कुलूप

आपल्याकडील चित्र या कसोटीवर पाहावे. शाळेला मिळालेली विज्ञानपेटी डेडस्टॉक रजिस्टरात चढते. भिंग फुटले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो; निर्लेखनाची कारवाई लांबलचक असते. वर्षभर पेटी बंद राहिली तर मात्र कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत कुलूप लावणारा शिक्षक आळशी ठरत नाही, तो सावध ठरतो. त्यातच पस्तीस मिनिटांची तासिका, भरलेला वर्ग आणि निवडणूक-जनगणनेची कामे. पालकही मुलाने किती प्रश्न विचारले हे न पाहता किती गुण मिळवले हे पाहतात, कारण पुढील दारे गुणांनीच उघडतात. प्रत्येकाचे वर्तन आपापल्या जागी शहाणपणाचे आहे. एकूण परिणाम मात्र शहाणपणाचा नाही.

मुलांनी सारे विज्ञान स्वतःच शोधावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे, हा आक्षेप रास्तच आहे. अणूची रचना कोणी वर्गात शोधून काढणार नाही. पुष्कळसे ज्ञान सांगावेच लागते. परंतु सांगितलेले पारखून कसे घ्यावे, याची सवय ज्या वयात लागते त्या वयात ती लावली नाही, तर पुढील सारी माहिती केवळ विश्वासावर घ्यावी लागते. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते पाठ करून पार पडत नाही.

परीक्षा परतली आहे

या प्रश्नाला आज निकड आली आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. परीक्षा येणारच असेल तर तिच्यात मुलाच्या हाती चुंबक, भिंग वा मोजपट्टी देऊन काही करावयास लावणारा, आणि त्याच्या नोंदीला गुण देणारा भाग असावा. फुटणाऱ्या व संपणाऱ्या साहित्यासाठी शाळेला दरवर्षी अल्प आवर्ती अनुदान मिळावे आणि किरकोळ निर्लेखनाचा अधिकार मुख्याध्यापकांकडे असावा. केंद्रस्तरावर होणाऱ्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन शिक्षकांनी एखादा प्रयोग स्वतः करून पाहावा. यांतील एकाही सूचनेला नवी इमारत लागत नाही.

धोरणाचा हेतू प्रस्तावनेवरून ओळखू नये. ते कशाला गुण देते आणि कशासाठी जाब विचारते, यावरून ओळखावे. फुटलेल्या भिंगाचा जाब जेथे विचारला जातो तेथे न वापरलेल्या भिंगाचाही विचारला जाऊ लागेल, तेव्हा कपाटाचे कुलूप आपोआप उघडेल.