माकडतापाची लस व आमचे काजू-बागायतदार

दोडामार्ग तालुक्यातील केर गावी २०१६ सालच्या आरंभी माकडतापाने प्रवेश केला, व पुढल्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास त्याने कित्येक घरांतील कर्ती माणसे अंथरुणास खिळवली, काहींचा तर बळीही घेतला, हे आमच्या वाचकांस विदित आहेच. तथापि मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजारपेठांत हा विषय निघाला की, ‘तो रानातला ताप, आपणांस त्याचे काय?’ असा उद्गार अद्यापि ऐकू येतो. काजू मात्र त्याच रानाच्या कडेने येतो, याचा विसर आमच्या व्यापारी बंधूंस कसा पडावा?

१९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडींत व रानातील प्राण्यांत वसतो, वानरे-माकडे त्याने मरतात, आणि गोचिडीच्या दंशाने तो माणसास बाधतो. डिसेंबरापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा जोर. काजूचा हंगामही नेमका त्यातच. पालापाचोळ्यात वाकून काजू वेचणारी मजूर स्त्री त्याच्या तोंडी प्रथम सापडते, पेढीवर बसून भाव करणारा नव्हे.

येथेच हा प्रश्न देवीच्या लशीहून निराळा होतो. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानात प्रथम यशस्वीपणे देवी टोचली गेली. पुढे लोकांनी पुष्कळ कुरकुर केली, तरी १९७५ सालानंतर या देशात देवीचा रोगी उरला नाही. कारण तो रोग माणसावाचून कोठे राहत नव्हता. माणसामाणसांतील साखळी तुटताच तो निराधार झाला. माकडताप माणसाकडून माणसास होत नाही. शेजाऱ्याने टोचून घेतले म्हणजे आपण वाचलो, हा हिशेब येथे सर्वथा खोटा होय. ज्यास टोचले, तेवढाच सुरक्षित.

कर्नाटकात जुनी लस होती. तिची एक मात्रा निरुपयोगी ठरे. महिन्याच्या अंतराने दोन घेतल्यास संरक्षण शेकडा सुमारे ६२, व पुढील पूरक मात्रेनंतर शेकडा ८३, असे तेथील २००५ ते २०१० या काळाच्या पाहणीत आढळले. टोचताना फार दुखे. म्हणून एकदा आलेला मनुष्य पुन्हा येण्यास कचरे. अखेर शक्ती उणी ठरल्यामुळे २०२२ साली ती बंद झाली. नवी लस सिद्ध करण्याचे काम भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी हाती घेतले आहे.

‘लस आल्यावर पाहू, मजूरच टोचून घेत नाहीत, त्यास आम्ही काय करावे?’ असे आमचे काही मित्र म्हणतील. आमचा त्यांस उलट प्रश्न आहे. टोचण्याच्या दिवशी बुडणारी मजुरी कोण देणार? अंग दुखून दुसरा दिवसही गेला, तर त्याचे काय? हातावर पोट असलेल्या बाईस आरोग्याचे व्याख्यान ऐकवणे सोपे. तिच्या हाती दोन दिवसांचा रोज ठेवणे तेवढे जड जाते! हा खर्च बागायतदारानेच सोसला पाहिजे, कारण नफा त्याचा आहे. तोपर्यंत अंगास लावण्याचे गोचीडनिवारक तेल मजुरांस आपल्या पदरचे द्यावे, आणि बागेत मेलेले वानर दिसताच त्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे. गावोगावच्या बागायतदारांनी आपापल्या मजुरांच्या याद्या येत्या डिसेंबरापूर्वी सिद्ध कराव्यात.