मशीनवाल्यांनो, खिळे आमच्यासाठी ठेवून जाऊ नका



गेल्या दोन-तीन सीझनपासून आपल्या पुळणीवर मेटल डिटेक्टर दिसायला लागलेत. शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की सोमवारी उजाडताना कानाला हेडफोन लावून कुणी ना कुणी वाळूवरून थाळी फिरवत असतो. काही बाहेरचे हौशी, काही आपल्याच वाड्यावरचे मुलगे. मागच्या बैठकीत काही सभासदांनी यांना बंद करा असं सांगितलं. आम्हाला ते पटत नाही. कुणाची अंगठी हरवली, कुणाची चेन पडली, तर शोधून देणारा माणूस वाईट का म्हणावा? आमची तक्रार मशीनवर नाही. मशीनवर एक सेटिंग असतं, त्याबद्दल आहे. मुलगे त्याला ‘डिस्क’ म्हणतात, पूर्ण नाव डिस्क्रिमिनेशन.

ते काय करतं हे समजून घेतल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मशीनच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज उलटसुलट फिरते आणि खाली वाळूत चुंबकीय लहरी जातात. वाळूत धातू असेल तर त्याच्यातही बारीक वीज खेळते आणि तो उलट इशारा देतो. तो इशारा किती उशिरा येतो त्यावरून मशीन अंदाज बांधतं की वस्तू लोखंडाची आहे की चांदी-तांब्याची. लोखंडाला सगळ्यात खालचे आकडे, मग चॉकलेटची चांदी, मग कॅनची झाकणपट्टी, वर तांबं आणि चांदी. डिस्क चढवली की खालच्या आकड्यांना मशीन गप्प बसतं. खिळा असला तरी आवाज नाही. माणूस पुढे जातो.

मशीनवाल्याच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबर आहे. वरच्या सुक्या वाळूत, जिथे शॅक असतात, तिथे बाटलीची बुचं आणि खिळे इतके असतात की प्रत्येक आवाजाला खणायचं म्हटलं तर कंबर मोडेल. एका नाण्यासाठी पन्नास खड्डे कोण मारणार?

पण त्याच्यासाठी जो कचरा, तोच आमच्या पायाखाली येतो. रापण ओढताना दोन्ही दोरांवर माणसं अनवाणी असतात, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकतात. त्या वेळी खाली बघायला कुणाला सवड असते? शॅक पावसाआधी उतरवतात तेव्हा लाकडं आणि पत्रे जातात, खिळे वाळूत राहतात. पावसात समुद्र पुळण खरवडतो आणि परत भरतो, तेव्हा वरचे खिळे खाली आणि खालचे वर. ऑक्टोबरात पहिली रापण लागते तेव्हा कुठला खिळा कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. त्यात गरवणाऱ्यांच्या तुटलेल्या गऱ्या, तारांचे तुकडे, पत्र्याच्या कडा. आपल्या एका सभासदाच्या टाचेत असाच गंजका खिळा गेला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, पण साखरेचा आजार असल्यामुळे जखम भरायला दीड महिना लागला. दोरावर उभा राहिला नाही म्हणजे वाटणीही नाही, घरातला चुलीचा हिशेब ज्याचा त्याला ठाऊक. जाळ्याचं तर विचारूच नका. ओढताना वाळूतला खिळा जाळ्यात अडकला की पुढची दहा-बारा बोटं फाटलेली, आणि ते विणत दुपार जाते.

म्हणून आमचं म्हणणं असं: रापण ओढतो त्या पट्ट्यात, म्हणजे भरतीच्या वरच्या रेघेपासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत, मशीन फिरवायचं असेल तर डिस्क शून्यावर आणा. मशीनवर ‘ऑल मेटल’ असेल तर ते लावा. वाजेल ते सगळं काढा आणि घेऊन जा.

मुलग्यांनी यावर तोंडावर सांगितलं, ‘‘काका, मग सोनं सोडून खिळेच गोळा करायचे काय?’’ त्यांना आम्ही त्यांच्याच फायद्याची गोष्ट सांगतो, कारण धर्म म्हणून कुणी खड्डे मारत नाही हे आम्हालाही कळतं.

एक, सोन्याला स्वतःचा आकडा नाही. बारीक अंगठी चॉकलेटच्या चांदीच्या आकड्यावर वाजते, जरा जाड असली तर कॅनच्या झाकणपट्टीच्या आकड्यावर. किती कॅरटचं सोनं, केवढी अंगठी, कडी बंद आहे की तुटलेली, त्यावर आकडा बदलतो. पातळ चेन तर कडी-कडीने वाजते, तिचा आवाज कधी लोखंडाच्या काठावर येतो. म्हणजे ज्याने झाकणपट्ट्यांचा त्रास नको म्हणून तिथपर्यंत डिस्क चढवली, तो नाणी गोळा करतो आणि अंगठ्या सोडून जातो. जुन्या कॅनची पट्टी अख्खी निघून हातात यायची. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅनलाच चिकटून राहणारी पट्टी आली, तरी आपल्याकडचे लोक ती वाकडी करून मोडतात आणि वाळूत खुपसतात, ही सवय कुठून आली देव जाणे. असो.

दोन, खिळा सोन्याला झाकतो. अंगठीच्या शेजारी, एकाच थाळीखाली खिळा असला तर मशीनला दोघांचा मिळून एक इशारा येतो. डिस्क चढवलेली असेल तर मशीन लोखंड समजून गप्प बसतं आणि अंगठीही त्यात गप्प होते. महाग मशीन हे थोडं सावरतं, पण पूर्ण नाही. मग ज्या जागेवरून दहा जण मशीन फिरवून गेले आणि काही नाही म्हणाले, तिथून आधी खिळे काढले तर काय वाजेल ते बघा. लोखंड काढल्याशिवाय ती जागा संपली असं कुणी म्हणू नये.

तीन, डिस्क ज्यासाठी चढवता ते तरी कुठे नीट होतं? बाटलीचं बूच लोखंडाचं, पण सपाट आणि गोल असल्यामुळे अनेक मशिनींवर चांगल्या नाण्यासारखं वाजतं. लोखंडाचा मोठा तुकडाही असाच फसवतो. शिशाची गोळी तर सोन्याच्याच आकड्यांत येते. म्हणजे डिस्क लावूनही तुम्ही बुचं खणताच. आणि इथे आम्हाला खरा राग येतो. खणलेलं बूच बघून, तोंड वाकडं करून तिथेच टाकतात! आधी ते वीतभर खाली होतं, आता वर आलं, धार वर करून. मशीन नसलेल्या माणसाने एवढं नुकसान केलं नसतं.

ओल्या वाळूची गोष्ट वेगळी, ती नवीन मशीन घेणाऱ्यांनी नीट ऐका. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, म्हणून साधं एका लहरीचं मशीन पाण्याच्या कडेला उगाच कुरकुरत राहतं. पुष्कळ जण ती कुरकुर बंद करायला डिस्क चढवतात. त्याने आवाज थांबतो, पण बारीक सोनं आणि बारीक गरी दोन्ही त्याच्याबरोबर जातात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी कमी करा, ग्राउंड बॅलन्स ओल्या वाळूवर करून घ्या, मशीनला बीच मोड असेल तर तो वापरा. एकाच वेळी अनेक लहरी सोडणारी मशीन इथे बरी चालतात. आणखी एक प्रकार असतो, पल्स. त्याला खाऱ्या पाण्याचा आणि काळ्या वाळूचा त्रास कमी, पण त्याला खिळा आणि अंगठी यातला फरक फारसा कळत नाही. ते घेऊन येणाऱ्याला प्रत्येक आवाजाला खणावं लागतं. आमच्या हिशेबाने तोच सगळ्यात चांगला पाहुणा.

कुणी सुचवलं की मशीन कशाला, काठीला लोहचुंबक बांधून फिरवू. करून बघितलंय. चुंबकाला दोन मिनिटांत काळी वाळू चिकटते आणि मग तो खिळा धरत नाही. शिवाय तो वरवरचंच उचलतो. मशीन वीतभर खालचं सांगतं.

वरच्या वाळूत, शॅकच्या पुढे, तुम्ही डिस्क लावा की काढा, त्यावर आमचा आग्रह नाही. तिथली साफसफाई ज्यांच्या धंद्याची आहे त्यांनी बघावी. पण तिथेही जे खणलं ते पिशवीत जायला पाहिजे आणि खड्डा बुजवायला पाहिजे. पहाटे अंधारात दोर घेऊन धावणाऱ्याचा पाय खड्ड्यात मुरगळतो.

दोन गोष्टींत मात्र सवलत नाही. मोरजी-मांद्रेकडे आणि आजूबाजूला थंडीत कासवं अंडी घालायला वर येतात. घरटं हातभर खाली असतं, वरून काही दिसत नाही. ऑलिव्ह रिडले हे कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. त्या दिवसांत वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेजवळ मशीन आणि फावडं दोन्ही नको. दुसरं म्हणजे जुनं काही सापडलं तर. १८७८ सालचा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि काल-परवा हरवलेली अंगठी ही ज्याची त्याची आहे, ती पोलीस स्टेशनवर द्या. सापडली म्हणून आपली झाली असं नसतं.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही हा विषय ठेवतोय. सूचना अशी की रापणीच्या पट्ट्यात डिस्क काढून फिरणाऱ्याला संस्थेच्या शेडमध्ये बॅटरी चार्ज करायला आणि सामान ठेवायला मिळावं, पाणी-चहाही. बदल्यात त्याने काढलेलं लोखंड शेडमागच्या निळ्या पिंपात टाकावं. पिंप भरला की भंगारवाल्याला देऊ. त्याचे पैसे फार येणार नाहीत, पण ते पहिल्या औषधपेटीला जातील. पिंप आजपासूनच ठेवलाय. सभेची तारीख ठरली की इथेच टाकू. विरोधात बोलणाऱ्यांनीही जरूर यावं, आणि ज्यांच्या घरात मशीन आहे त्यांनी मशीन घेऊन यावं. सभेआधी तासभर ओहोटीला पट्ट्यात फिरवून, डिस्क लावून काय मिळतं आणि काढून काय मिळतं ते सगळ्यांसमोर बघू.

— सचिव, संस्थेच्या वतीने