पाळणे म्हणजे बांधणे नव्हे

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' अशी एक म्हण मराठीत फार दिवसांपासून रूढ आहे. म्हण बोलली जाते माणसांच्या खोडीविषयी; परंतु तिचा जाच मात्र बिचाऱ्या कुत्र्याला सोसावा लागतो. कुत्रा काही शिकावयाचा नाही, त्याला दोन वेळा भाकरी घालावी आणि खुंटीला बांधून ठेवावे, एवढे केले की पाळणाऱ्याचे कर्तव्य संपले, अशी समजूत अनेक घरांतून आढळते. गावातील घराची पडवी असो की शहरातील सदनिकेची गॅलरी असो, सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी खिळलेला कुत्रा पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. तो उगाच भुंकतो, दाराची चौकट कुरतडतो, वहाणा फाडतो, आणि घरातील माणसे म्हणतात, "हा कुत्रा मोठा द्वाड आहे!" वस्तुतः तो द्वाड नसतो, तो रिकामा असतो. हा दोष त्याच्या जातीचा नव्हे. त्याला काही उद्योग न देणाऱ्या धन्याचा होय.

कुत्रा हा मुळात कामकरी प्राणी आहे. लांडग्याच्या कुळातून तो माणसाजवळ आला, तेव्हा माणूस अजून शेती करू लागलेला नव्हता. जर्मनीतील बॉन शहराजवळच्या ओबरकासेल या ठिकाणी १९१४ साली एक अतिप्राचीन दफन सापडले. त्यात एक स्त्री व एक पुरुष यांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचेही अवशेष होते. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हापासून शिकार करणे, माग काढणे, राखण करणे, कळप वळवणे ही कामे कुत्रा माणसाच्या बरोबरीने करीत आला आहे. ऋग्वेदातील सरमा ही देवांची कुत्री पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध घेते. कर्नाटकातील मुधोळ परिसरातले सडपातळ, वेगवान कुत्रे शिकारीसाठी प्रसिद्ध आहेत. भारतीय टपाल खात्याने २००५ साली या जातीचे चित्र असलेले तिकीटही काढले. मेंढ्यांच्या कळपाबरोबर माळरानावर फिरणारा धनगराचा कुत्रा पाहावा. दिवसभर त्याचे डोळे, कान आणि पाय कामात गुंतलेले असतात. चौकट कुरतडण्यास त्याला सवड कोठली? हजारो वर्षे ज्याच्या अंगी काम मुरले, त्याला चार हात साखळीच्या वर्तुळात बसवून ठेवल्यावर त्याने शांत राहावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

कुत्र्याला रमवावयाचे, तर त्याचे जग कसे आहे हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. माणूस जग मुख्यतः डोळ्यांनी ओळखतो, कुत्रा ते नाकाने ओळखतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी काही लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी असतात. म्हणूनच फिरावयास नेलेला कुत्रा प्रत्येक झाडापाशी आणि खांबापाशी थांबतो. आदल्या रात्री तेथून कोण गेले, याची बातमी तो जणू वाचीत असतो. अशा वेळी घाईने त्याचा पट्टा ओढणे म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातील पुस्तक हिसकावून घेण्यासारखेच आहे. त्याची रंगदृष्टीही वेगळी आहे. निळा आणि पिवळा हे रंग त्याला चांगले ओळखता येतात. तांबडा आणि हिरवा यांतला भेद त्याला नीट कळत नाही. हिरवळीवर टाकलेला तांबडा चेंडू त्याला लवकर सापडला नाही, तर त्याला मंद म्हणू नये. निळा चेंडू द्यावा.

हे एकदा ध्यानात आले की खेळ आपोआप सुचू लागतात आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही. भाकरीचे लहान तुकडे जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या फडक्यात सैल गाठी मारून बांधावे आणि ते फडके कुत्र्यापुढे ठेवावे. पंजा आणि दात वापरून एकेक गाठ सोडविण्यात तो रंगून जातो. तीन वाट्या पालथ्या घालून त्यांपैकी एकीखाली खाऊ ठेवावा आणि कोठे आहे ते त्यालाच शोधू द्यावे. घरातील एका मुलाने दाराआड लपावे आणि दुसऱ्याने "शोध!" म्हणावे. या लपंडावात कुत्र्याइतका उत्साही गडी दुसरा मिळणार नाही. टाकलेला चेंडू आणून देणे, नाव घेताच ठराविक वस्तू उचलून आणणे, हेही त्याच्या आवडीचे खेळ आहेत. दात येण्याच्या वयात पिल्लांना काहीतरी चावल्यावाचून राहवत नाही. त्यांना चावण्याजोगे खेळणे दिले तर वहाणा वाचतात. मात्र फडके असो वा खेळणे, त्याचे तुकडे ते गिळीत नाहीत ना, यावर लक्ष असावे. नाक आणि बुद्धी वापरून पाव तास केलेला उद्योग कुत्र्याला असा तृप्त करतो की तो त्यानंतर स्वस्थ झोप घेतो.

खेळाच्या जोडीला शिक्षण हवे. "बस", "थांब", "ये", "सोड" हे चार शब्द ज्या कुत्र्याला कळतात, तो घराला ओझे वाटत नाही. हे शिक्षण द्यावे कसे? रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग जगप्रसिद्ध आहेत. अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी एखादी ठराविक खूण केली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना दिसून आले. पाठोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टींची सांगड कुत्रा मनात घालतो, हे त्यावरून समजते. यास्तव "बस" म्हटल्यावर तो बसला की तत्काळ शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल आहे, हे त्याला उमगत नाही. शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी फाडलेल्या वहाणेबद्दल संध्याकाळी काठी मारली, तर 'धनी घरी आला की मार बसतो' एवढाच धडा तो शिकतो. शिकवणी पाच-दहा मिनिटांचीच असावी, शब्द घरातील सर्वांनी एकच वापरावा आणि कुत्रा कंटाळण्यापूर्वी थांबावे. अमेरिकेतील जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या चेसर नावाच्या कुत्रीला सुमारे तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली. त्याविषयीचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. ही सारी विद्या तिला खेळातून मिळाली. प्रत्येक कुत्रा चेसर होणार नाही हे खरे. परंतु चार शब्द शिकणे कोणत्याही सामान्य कुत्र्याला, अगदी गल्लीतून आणलेल्या गावठी पिल्लालाही, कठीण नाही.

यावर काही लोक म्हणतील, "कुत्र्याला इतके खेळविले तर तो लाडावेल. बांधून ठेवला तरच तो तिखट होतो आणि राखण करतो." हे म्हणणे वरवर पटण्याजोगे असले, तरी अनुभवाला उतरत नाही. बांधलेला कुत्रा चोरावर भुंकतो, तसाच टपालवाल्यावर, पाहुण्यावर आणि वाऱ्याने हललेल्या फांदीवरही भुंकतो. 'लांडगा आला रे आला' असे रोज ओरडणाऱ्या मुलाच्या हाकेसारखीच त्याच्या भुंकण्याची गत होते; खऱ्या प्रसंगी कोणी उठत नाही. उलट, शिकविलेल्या कुत्र्याची योग्यता मुंबईने पाहिली आहे. १९९३ साली त्या नगरीत बाँबस्फोट झाले, तेव्हा मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्रडॉर कुत्र्याने दडविलेली स्फोटके हुंगून शोधून काढली आणि कितीतरी जीव वाचविले. तो २००० साली मरण पावला; त्याला मानाने निरोप देण्यात आला. जंजीर हे काम करू शकला, तो साखळीच्या बळावर नव्हे. शिक्षणाच्या आणि शिकविणाऱ्यावरील विश्वासाच्या बळावर.

दुसरे कोणी म्हणतील, "सवड कोणाला आहे?" परंतु सवड नसेल, तर मुळात कुत्रा पाळण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ही केवळ दयेची बाब आहे असेही नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. त्याच्या ११व्या कलमात क्रूरतेचे अनेक प्रकार सांगितले आहेत. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा त्यांतला एक प्रकार. आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला धन्याने वाजवी व्यायाम न देणे हा दुसरा. म्हणजे कुत्र्याला फिरविणे ही हौस नसून कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. पुष्कळ घरांतून पिल्लू हौसेने आणले जाते आणि सहा महिन्यांनी त्याचा त्रास होतो म्हणून रस्त्यावर सोडून दिले जाते. त्या मुक्या जीवाला आपला अपराध कोणता, हे अखेरपर्यंत कळत नाही.

उत्साहाच्या भरात काही पथ्ये मात्र विसरू नयेत. कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता घालवितो. म्हणून उन्हाळ्यात त्याला सकाळी किंवा सूर्यास्तानंतर न्यावे. दुपारच्या डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे पोळतात. बक्षीस म्हणून चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे किंवा कांदा घातलेला पदार्थ कधीही देऊ नये; हे पदार्थ त्याला अपायकारक आहेत. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याशी मुलांनी खेळू नये. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखान्यात जावे. फिरावयास नेताना पट्टा हातात असावा आणि कुत्र्याने केलेली घाण धन्याने स्वतः उचलावी. शेजाऱ्यांना उपद्रव देऊन केलेले प्राणिप्रेम अपुरेच म्हटले पाहिजे.

संत नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आजच्या पाळीव कुत्र्याला तूप-पोळीची वाण नाही. वाण आहे ती माणसाच्या सहवासाची. ज्या मुलाच्या घरी कुत्रा आहे, त्याने रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवावा. रोज ठराविक वेळी उठणे, एकच गोष्ट न रागावता दहा वेळा सांगणे आणि दुसऱ्याच्या लहानशा यशाचेही मनापासून कौतुक करणे, या सवयी त्या अर्ध्या तासात मुलालाही लागतात. कुत्र्याला शिकविता शिकविता तोही शिकत असतो.