दुर्लक्ष करणारं घर पाहिजे

तर मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं जमत नाही. "तू लिहून तर दे, आम्ही बघतो," असं मराठी विभागाच्या संपादकांनी म्हटलं म्हणून हे धाडस करतेय. चुका सापडल्या तर त्यांच्या, विचार पटले नाहीत तर माझे!

विषय आहे वायवा. घाबरू नका, ओरल्सचं टाइमटेबल लागलेलं नाही. वायवा म्हणजे आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मागे जनरेटरच्या शेडजवळ राहणारी ती तपकिरी कुत्री. एक्स्टर्नलसमोर उभं राहिल्यावर आपली जी अवस्था होते ती तिची चोवीस तास असायची. शेपूट पोटाखाली, कान मागे, पाय लटपटत. म्हणून नाव वायवा. नाव ठेवताना आम्ही खूप हसलो होतो, आता तेवढं हसू येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सांगली-कोल्हापूर रस्त्याच्या कडेला एका सिमेंटच्या पाइपमध्ये ती आम्हाला सापडली. मागच्या पायाला जखम, त्यात अळ्या. आम्ही चौघींनी वर्गणी काढून डॉक्टर गाठला. पाय बरा झाला, रेबीजची लस झाली, पुढं नसबंदीचं ऑपरेशनही झालं. आता सगळं ठीक होणार असं आम्हाला वाटलं. जखम भरली की भीती जाते हा आमचा समज. ती जात नाही हो! डबा हातातून पडला तरी वायवा दिवसभर दिसायची नाही.

तुम्हीच विचार करा, हॉस्टेल म्हणजे काय जागा आहे? सकाळी मेसच्या भांड्यांचा आवाज, लाइट गेली की जनरेटर, रात्री कुणाचा तरी बर्थडे. त्यात आपलं जयसिंगपूर. शाहू महाराजांनी जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचं गाव. ड्रॉइंगच्या सरांना आवडावं असं. पण गणपतीत डॉल्बी लागला की तो आवाज त्याच सरळ रेषेत येतो. आणि उसाचा सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि त्या प्रत्येकावर फुल व्हॉल्यूमची गाणी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४०,००० च्याही पुढचं. आपल्याला जे नुसतं नकोसं वाटतं ते तिला काय वाटत असेल?

त्यात भर आमच्या प्रेमाची. रोज कुणीतरी तिच्यासमोर बसून "वायवा, ये ना गं" म्हणायचं. फोटो काढायचा, बिस्किट नाकाजवळ न्यायचं, डोक्यावर हात ठेवायचा. ती हलायची नाही. आम्ही म्हणायचो, बघ किती शांत झाली! नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ते शांत होणं नव्हतं, ते गोठणं होतं. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी "मला सोडा" म्हणायची भाषा. पळायला जागा नसेल तर कुत्रं गोठतं, आणि तेही चाललं नाही तर चावतं.

हे आम्हाला सप्टेंबरच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गणपती विसर्जनानंतर आमच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं तिला सांगलीला घरी नेलं. घर प्रेमळ, दोन लहान मुलं, सतत येणं-जाणं. आम्हाला वाटलं, याहून चांगलं घर कुठलं? वायवा दोन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही, अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं तिला ओढून बाहेर काढायला हात घातला आणि ती चावली. जखम पंधरा मिनिटं साबणानं धुतली, दवाखान्यात नेलं, इंजेक्शनचा कोर्स झाला. कुत्रीला लस दिलेली असली तरी मुलाला इंजेक्शनं घ्यावीच लागतात, यात चालढकल चालत नाही. मैत्रिणीच्या आईनं एक शब्दही वाईट बोलला नाही. त्यामुळे तर जास्तच लाज वाटली. चूक कुत्रीची नव्हती, त्या पोराचीही नव्हती. "ती घाबरट आहे" एवढंच आम्ही सांगितलं होतं. घाबरट म्हणजे नक्की काय, ते सांगितलंच नाही. घर जाईल या भीतीनं आम्ही गुण वाढवून सांगितले, लग्नाच्या बायोडाटात सांगतात तसे.

ती परत हॉस्टेलवर आली. मग दिवाळी! हॉस्टेल रिकामं, मेस बंद, आणि वायवाला जीव लावणाऱ्या आम्ही सगळ्या आपापल्या घरी चकल्या खात. वॉचमन काकांनी स्वतःच्या डब्यातलं घातलं म्हणून ती जगली. मी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "फटाक्यात दोन दिवस गटारीत बसली होती."

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली भटकी कुत्री उचलायची, नसबंदी-लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथंच सोडायची नाहीत. हॉस्टेलवर दोन तट पडले. एक म्हणे, हा अन्याय आहे, वायवा आमची आहे. दुसरा म्हणे, बरं झालं. या दुसऱ्या तटातल्या एका मुलीला लहानपणी कुत्रं चावलंय, ती अजूनही पाणी भरायला एकटी मागे जात नाही. तिची भीती आणि वायवाची भीती यात मला फरक करता येत नाही. आदेशाबद्दल माझ्या मनात शंका आहेत. इतकी शेल्टर्स कुठून येणार, आणि वायवासारखीचं तिथं शंभर कुत्र्यांत काय होणार? पण आम्ही तिला ठेवून घ्यायचा जो हट्ट धरला होता, तो तिच्यासाठी नव्हता. सबमिशनचा कंटाळा आला की मागे जाऊन बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून होता.

याच जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण तीस वर्षांहून जास्त काळ इथं राहून, कोर्टाच्या आदेशानं जामनगरच्या वनताराला गेली. अख्खा शिरोळ तालुका रडला, मोर्चे निघाले. त्या खटल्यातलं बरोबर-चूक ठरवण्याएवढी मी मोठी नाही. पण तेव्हा चहाच्या गाड्यावरसुद्धा लोक एकच वाद घालत होते, की जनावराचं घर कुठलं? जिथं त्याच्यावर प्रेम आहे ते, की जिथं त्याला बरं वाटतं ते? हत्तिणीच्या बाबतीत तावातावानं बोलणारी मी, कुत्रीच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच नव्हता.

"पोत्यात घालून नदीपलीकडं सोडून येऊ," असंही एक-दोघांनी सुचवलं. कृपा करून हे करू नका. तिथली कुत्री नवीनाला हद्दीत घेत नाहीत, आणि इथं रिकामी झालेली जागा लस न दिलेलं दुसरं कुत्रं घेतं. नसबंदी करून कुत्रं जिथून आणलं तिथंच सोडायचं, असं २०२३ च्या नियमांत आहे ते काही उगाच नाही. सोडून येणं म्हणजे आपल्या डोळ्यांआड करणं, बाकी काही नाही.

मग आम्ही नवी जाहिरात लिहिली. "घर पाहिजे. लहान मुलं नकोत. पाहुणे कमी. आवाज नको. कुत्री जवळ येणार नाही, राखण करणार नाही, कदाचित वर्षभर हात लावू देणार नाही. एकदा चावली आहे." वर्गातली मुलं म्हणाली, असली जाहिरात वाचून कोण येणार? जे फोन आले त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिला प्रश्न विचारला, "जात कुठली?" गावठी म्हटलं की फोन बंद. (मुधोळ हाउंडचं २००५ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, गावठीचं कधी निघणार?)

शेवटी मेसच्या मावशींच्या ओळखीतून कृष्णाकाठच्या एका गावातल्या आजी मिळाल्या. एकट्याच असतात. २०१९ च्या महापुरात म्हशी बाहेर काढल्या, पण कुत्रं न्यायला नावेत जागा नव्हती. ते परत सापडलं नाही. पुरानंतर त्यांनी गावाबाहेर उंचावर दोन खोल्या बांधल्यात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हिला काय काय लागतंय?"

"काही नाही आजी. फक्त तिच्याकडं बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात लावायचा नाही."

"मग बरं हाय. मला बी कुणी लई बघितल्यालं आवडत न्हाई."

मागच्या खोलीत पोतं अंथरलं, दार लावलं. पहिले काही दिवस कुत्रं पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून बाहेर नेताना पट्टा आणि साखळी दोन्ही. आंघोळ घालायची नाही, शेजाऱ्यांना दाखवायला आणायचं नाही. आजींनी दुधात भाकरी कुस्करून ठेवली आणि पाठ करून भाजी निवडायला बसल्या. आम्ही तिघी दारात उभ्या राहून बघत होतो. आजी म्हणाल्या, "तुमी जावा की आता."

डिसेंबरपासून मी फक्त फोन करते, तोही आठवड्यातून एकदा. पहिले तीन आठवडे उत्तर एकच, "खातीया, पडतीया." जानेवारीत ती रात्री अंगणात येऊन बसायला लागली. गेल्या आठवड्यात आजी ज्वारी पाखडत होत्या तर ती येऊन चार हातांवर बसली. आजींनी बघितलं नाही. वायवा हे नाव त्यांना म्हणता येत नाही, त्या तिला बाय म्हणतात. म्हणजे म्हणतात असं माझ्याशी बोलताना, तिला हाक मारत नाहीतच.

हॉस्टेलवर सगळ्या विचारतायत, एका रविवारी सगळ्यांनी भेटून येऊ, केक घेऊन जाऊ, पत्ता दे.

पत्ता मिळणार नाही.