डोळा भरला, लस टोचली

पनवेल परिसरातल्या रोपवाटिकांत गुलाबाचे कलम करताना माळी जंगली खुंटाच्या सालीत छोटी चीर देतो, हव्या त्या जातीचा एक डोळा तीत बसवतो आणि पट्टीने घट्ट बांधतो. याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. लॅटिन भाषेत डोळ्याला ‘ऑक्युलस’ आणि झाडावर डोळा भरण्याला ‘इनॉक्युलारे’ असा शब्द होता. त्यावरून इंग्रजीत ‘इनॉक्युलेट’ हे क्रियापद आले. लस टोचण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द मूळचा बागेतला आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत चीर देऊन घालण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. तिला हाच शब्द चिकटला. त्यात खरोखरच आजार दिला जाई आणि काही जण दगावतही. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी त्याऐवजी गाईच्या सौम्य देवीचा द्रव वापरला. गाय म्हणजे लॅटिन ‘वाका’. त्यावरून ‘व्हॅक्सिन’ आणि ‘व्हॅक्सिनेट’. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ही लस दिली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. मराठीत त्याला ‘देवी काढणे’ म्हणू लागले. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

तरीही ‘लस म्हणजे अंगात आजार घालणे’ ही भीती टिकून आहे. ती जुन्या पद्धतीबाबत खरी होती, आजच्या लशींबाबत नाही. गोवरच्या लशीत विषाणू असतो, पण दुबळा केलेला. भरलेला डोळा झाडावर वाढत राहतो. लशीतला विषाणू मात्र नाहीसा होतो, उरते ती शरीराची ओळख.

माळ्याकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. भरलेला प्रत्येक डोळा फुटत नाही, म्हणून तो पुन्हा भरावा लागतो. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेला लशीने सुमारे ८५ टक्के बाळांनाच गोवरापासून संरक्षण मिळते. म्हणून १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरी मात्रा लागते. कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांत नेमकी तीच चुकण्याची शक्यता अधिक. २०२२ मध्ये मुंबईत गोवराने मुले दगावली, हे विसरता येणार नाही.

वाडी-पाड्यांवर ‘दुसरा डोस घ्या’ एवढेच सांगून भागणार नाही. तो का घ्यायचा, हे आरोग्यसेविकांनी ‘डोळा भरणे’ या ओळखीच्या शब्दांत सांगावे. ते आईवडिलांना लवकर पटेल.