चेतापेशींचे रक्षण : दावा आणि दायित्व

औषधी वनस्पतींच्या कल्पांवर ‘चेतापेशींचे रक्षण करणारे’ अशी शब्दयोजना आता सर्रास आढळते. कर्क्युमिन, बॅकोसाइड आदी घटकांनी प्रयोगशाळेत पेशींवरील ऑक्सिडीकारक ताण व दाह कमी केल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे, हे मान्यच आहे. परंतु परीक्षानळीतील पेशी आणि रुग्णाचा मेंदू यांच्यामध्ये जठराग्नी आहे, यकृत आहे आणि रक्त व मेंदू यांमधील अडसरही आहे. मुखावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्पच पोचते. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर त्याची २४ आठवडे चाचणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ आढळला नाही. तेथेच ३,०६९ वृद्धांवर झालेल्या गिंकोच्या चाचणीत, २००८ च्या अहवालानुसार, स्मृतिभ्रंश टळला नाही.

मग वनस्पती निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. कपिकच्छूचे बीज पाहा. भारतीय संशोधकांनी १९३७ साली त्यातून लेव्होडोपा वेगळा केला. पुढे २००४ साली लंडन येथील ८ कंपवात रुग्णांवरील चाचणीत ३० ग्रॅम बीजकल्पाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला व अधिक काळ टिकला. तथापि हे लक्षणांचे शमन होय. क्षीण पेशी जे डोपामिन निर्माण करू शकत नाहीत, त्याची उणीव लेव्होडोपा भरून काढतो. पेशींचा ऱ्हास त्याने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. शमन आणि रक्षण यांतील हा भेद आपणच विसरलो, तर रुग्णाने कोणाकडे पाहावे?

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. कंपवाताचा रुग्ण बहुधा लेव्होडोपाच्या गोळ्या घेतच असतो. त्यात कपिकच्छू चूर्णाची भर पडली की एकूण मात्रा नकळत वाढते. मळमळ, रक्तदाब उतरणे, अनैच्छिक हालचाली, भ्रम असे उपद्रव संभवतात. उलटपक्षी, ‘नैसर्गिक’ औषधाच्या भरवशावर त्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास तीव्र ज्वर व स्तंभ होऊन प्राणावर बेतू शकते.

यास्तव वैद्यांनी प्रत्येक रुग्णाची चालू औषधे लिहून घ्यावीत व मात्रेचा निर्णय मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाशी विचारविनिमय करूनच घ्यावा. बीजातील लेव्होडोपाचे प्रमाण जात, भूमी व शोधनविधी यांनुसार बदलते. म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीची तपासणी करून ते वेष्टनावर नमूद करावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत मेंदूचे विकार समाविष्ट आहेत, याचेही औषधविक्रेत्यांनी स्मरण ठेवावे.

जे सिद्ध झाले तेवढेच सांगावे, जे झाले नाही त्याचे संशोधन करावे. शास्त्राची प्रतिष्ठा वेष्टनावरील विशेषणांनी वाढत नाही. ती रुग्णाच्या विश्वासावर उभी असते.